विश्लेषण : काट्यावर वजन बरोबर, तरी गाडी धोकादायक कशी? भरलेल्या ट्रकच्या पुढच्या एक्सलचे गणित काय?

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते. त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ असो की त्याला मिळणारे इतर रस्ते, पोत्यांचे ट्रक, लांबलचक ट्रेलर आणि उसाच्या ट्रॉल्या एकाच वेळी रस्त्यावर येतात. गाडी भरली की ती भुईकाट्यावर जाते, एकूण वजनाची पावती मिळते आणि प्रवास सुरू होतो. मात्र त्या वजनापैकी पुढच्या चाकांवर किती आणि मागच्या चाकांवर किती, हे त्या पावतीवर नसते. गाडी वळणार की नाही, थांबणार की नाही, टायर टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी याच वाटणीवर ठरते.

एकूण वजन आणि एक्सलचे वजन यांत फरक काय?

बैलगाडी हाकलेल्यांना हा फरक सांगावा लागत नाही. गाडीत ओझे मागे जास्त झाले की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे पुढे जास्त झाले की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. दोन्ही वेळा ओझे तेवढेच असते, बदलते ती त्याची जागा.

ट्रकचेही तेच आहे. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे एक्सल. पुढचा एक्सल गाडी वळवतो, म्हणून त्याला स्टिअरिंग एक्सल म्हणतात. त्यावर दोनच टायर असतात. मागच्या एक्सलवर जोडचाके, म्हणजे चार टायर असतात. इंजिन आणि केबिन पुढे असल्याने रिकाम्या गाडीतही पुढच्या एक्सलवर बरेच वजन आधीच बसलेले असते. त्यामुळे माल भरताना पुढे थोडीच जागा उरते आणि चूक लवकर होते.

कायद्याने मर्यादा किती?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०१८ मध्ये मालवाहू वाहनांच्या एक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या. दोन एक्सलच्या, म्हणजे सहा टायरच्या ट्रकचे कमाल एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. त्यात पुढच्या एक्सलचे ७ आणि मागच्या एक्सलचे ११.५ टन धरलेले आहेत. तीन एक्सलच्या ट्रकची मर्यादा २५ वरून २८.५ टनांवर गेली. सहा एक्सलच्या, बावीस टायरी ट्रेलरची मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली. त्याची फोड पुढे ७, घोड्याच्या मागच्या दोन एक्सलवर मिळून २१ आणि ट्रेलरच्या तीन एक्सलवर मिळून २७ टन अशी होते. गाडी कितीही मोठी झाली, तरी पुढच्या एका एक्सलचा आकडा फारसा हललेला नाही, हे येथे लक्षात येते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५८ नुसार मालवाहू गाडीच्या नोंदणीत केवळ एकूण वजन नव्हे, तर प्रत्येक एक्सलचे वजनही नोंदवले जाते. जुन्या गाडीच्या नोंदणीवर आधीचा, कमी आकडा असू शकतो. त्यामुळे शेजारच्या गाडीवरून अंदाज न बांधता आपल्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा आकडाच पाहावा लागतो.

पोती अर्धा मीटर सरकली तर काय होते?

समजा, सहा टायरचा एक ट्रक आहे. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर ५ मीटर आहे. रिकाम्या गाडीचे वजन ६.५ टन, त्यातले ४ टन पुढे आणि २.५ टन मागे आहे. (प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे असतात, हे केवळ उदाहरण.) त्यात ५० किलोची २४० पोती, म्हणजे १२ टन सोयाबीन भरले. एकूण वजन १८.५ टन. काट्यावर गाडी बरोबर मर्यादेत बसते.

आता या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या सव्वा मीटर पुढे असेल, तर मालाचा पाव हिस्सा, म्हणजे ३ टन पुढच्या एक्सलवर जातो आणि ९ टन मागच्या एक्सलवर. पुढे ७ आणि मागे ११.५ टन. दोन्ही आकडे मर्यादेवर आहेत.

थप्पी मागच्या बाजूला घेतल्याने मालाचा मध्य अर्धा मीटर मागे गेला, तर पुढे ५.८ आणि मागे १२.७ टन होतात. मागचा एक्सल १.२ टनांनी जास्त भरला. थप्पी केबिनकडे दाबल्याने मध्य अर्धा मीटर पुढे आला, तर पुढे ८.२ आणि मागे १०.३ टन होतात. आता पुढचा एक्सल १.२ टनांनी जास्त भरला. तिन्ही वेळा पावतीवरचा आकडा एकच आहे, १८.५ टन.

यामागचे सूत्र सोपे आहे. जेवढे वजन सरकवले त्याला जेवढे अंतर सरकवले त्याने गुणायचे आणि दोन एक्सलमधल्या अंतराने भागायचे. या गाडीत २० पोती, म्हणजे एक टन माल अडीच मीटर मागे नेला, तर ५०० किलो भार पुढच्या एक्सलवरून मागच्यावर जातो.

पुढचा एक्सल जास्त भरला तर धोका काय?

पहिला धोका टायरचा. ११.५ टनांचा मागचा एक्सल चार टायरवर असतो, म्हणजे एका टायरवर २.९ टनांच्या आसपास. पुढचे ७ टन दोनच टायरवर असतात, म्हणजे एकेका टायरवर ३.५ टन. गाडीतले सर्वांत जास्त ताणलेले टायर पुढचेच असतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या भारांकावरून त्याची क्षमता कळते. १४६ म्हणजे ३,०००, १४९ म्हणजे ३,२५० आणि १५२ म्हणजे ३,५५० किलो. टायरवर ‘१५२/१४९’ असे दोन अंक असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. पुढच्या एक्सलला पहिला अंक लागू होतो. तोही हवा ठरलेल्या दाबाइतकी असेल तरच. हवा कमी, भार जास्त आणि मराठवाड्यातला एप्रिल-मेचा तापलेला डांबरी रस्ता, अशा वेळी टायर आतून तापत जातो. मागच्या जोडचाकांतला एक टायर फुटला तर दुसरा काही काळ गाडी पेलतो. पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला ओढली जाते आणि स्टिअरिंग चालकाच्या हातात राहील याची खात्री नसते.

दुसरा धोका ब्रेकचा. जोरात ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. वर सांगितलेल्या ट्रकमध्ये भाराचा मध्य जमिनीपासून १.८ मीटर उंच असेल आणि गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होत असेल, तर त्या क्षणी ३ टनांहून जास्त भार मागून पुढे येतो. ७ टनांचा एक्सल तेवढा वेळ १० टनांहून अधिक पेलत असतो. आधीच ८.२ टन असेल, तर हा आकडा साडेअकरापर्यंत जातो.

तिसरा धोका लगेच दिसत नाही. कमानीचे पाटे, चाकाचे बेअरिंग, स्टिअरिंगचे जोड लवकर झिजतात. पॉवर स्टिअरिंगमुळे चालकाला हाताला जडपणा जाणवत नाही. पुढे गाडी बसते म्हणून काही जण कमानीत एक पाटा वाढवून घेतात. त्याने गाडी वर उचललेली दिसते. मात्र एक्सल, टायर, ब्रेक आणि बेअरिंग तेवढ्याच क्षमतेचे राहतात.

पुढचा एक्सल हलका राहिला तर चालते का?

नाही. टायर वळला तरी गाडी वळण्यासाठी त्या टायरची रस्त्यावर पकड लागते आणि पकड भारातून येते. पुढे भार कमी असला की स्टिअरिंग हलके लागते, पण ओल्या रस्त्यावर, खडीवर किंवा उसाच्या पाचटावर गाडी सरळच सरकत जाते. खड्ड्यातून जाताना पुढची चाके क्षणभर रस्ता सोडतात. चालक याला ‘गाडी तरंगते’ म्हणतात.

शिवाय पुढचा भार कमी झाला, म्हणजे तो कोठे तरी मागे गेलेला असतो. त्याचा फटका रस्त्यालाही बसतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता चाचण्यांमधून असे दिसले, की एक्सलवरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. या हिशेबाने ११.५ ऐवजी १२.७ टनांचा एक्सल रस्त्याला जवळपास दीडपट त्रास देतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांना हा त्रास आणखी सोसत नाही.

माल उतरवल्यावर पुढचा भार वाढतो तो कसा?

ही सर्वांत कमी ओळखली जाणारी बाब आहे. लातूरहून डाळ किंवा पेंड घेऊन निघालेली गाडी काही पोती नांदेडला उतरवते आणि उरलेला माल घेऊन पुढे जाते. माल उतरवताना मागचा फाळका उघडला जातो आणि फाळक्याजवळची पोती आधी काढली जातात. गाडी हलकी झाली, असे सगळ्यांना वाटते.

त्याच उदाहरणातल्या गाडीचा हौदा २१ फूट, म्हणजे ६.४ मीटर लांब धरू. २४० पोती सारखी पसरलेली होती. फाळक्याकडची ६० पोती उतरवली. एकूण वजन १८.५ वरून १५.५ टनांवर आले. मात्र उरलेल्या ९ टन मालाचा मध्य ८० सेंटीमीटर पुढे सरकला. आता पुढच्या एक्सलवर ७.७ आणि मागच्या एक्सलवर ७.८ टन आहेत. तीन टन माल उतरवूनही पुढचा एक्सल ७ टनांवरून ७.७ टनांवर गेला. निम्मी, म्हणजे १२० पोती उतरवली तरी पुढचा एक्सल ७.४ टनांवर असतो.

याचे कारण असे, की मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेला माल तराजूच्या दांडीसारखा पुढचा भाग किंचित उचलून धरत असतो. तो माल काढला की पुढचा भाग खाली येतो. उपाय दोन आहेत. आधी उतरवायचा माल भरतानाच हौद्याच्या पूर्ण लांबीत एका बाजूला न झुकवता वरच्या थरात ठेवायचा किंवा अर्धा माल उतरवल्यावर केबिनजवळची काही पोती मागे आणायची. दुसऱ्या उपायाला हमाली आणि वेळ लागतो, म्हणून तो टाळला जातो.

ट्रेलरमध्ये हे गणित वेगळे का?

साखर, सिमेंट, सळई वाहणाऱ्या मोठ्या ट्रेलरमध्ये दोन भाग असतात. पुढचा इंजिनचा भाग, ज्याला चालक ‘घोडा’ म्हणतात आणि मागचा लांब ट्रेलर. ट्रेलरखालचा जाड खिळा, म्हणजे किंगपिन, घोड्यावरच्या ग्रीस लावलेल्या पोलादी थाळीत अडकतो. या थाळीला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरचा पुढचा भार या एकाच जागी घोड्यावर उतरतो.

समजा, घोड्याच्या दोन एक्सलमधले अंतर ३.६ मीटर आहे आणि थाळी मागच्या एक्सलच्या ६० सेंटीमीटर पुढे आहे. मग थाळीवर आलेल्या भाराचा सहावा हिस्सा पुढच्या एक्सलवर जातो. थाळीवर ११ टन आले, तर पुढे सुमारे १.८ आणि मागे ९.२ टन. रिकाम्या घोड्याचे पुढे ४.७ आणि मागे २.३ टन धरले, तर एकूण पुढे ६.५ आणि मागे ११.५ टन होतात. थाळी १० सेंटीमीटर पुढे सरकली, तर तेवढ्याच मालात पुढचा भार सुमारे ३०० किलोने वाढतो. थाळी बरोबर मागच्या एक्सलच्या वर असेल, तर मालाचा काहीच भार पुढे जात नाही.

अमेरिकेत अनेक घोड्यांची थाळी खाचांवर पुढे-मागे सरकवता येते. तेथील ट्रक थांब्यांवर पुढचा एक्सल, घोड्याचे मागचे एक्सल आणि ट्रेलर असे तिन्ही भाग एकाच वेळी वेगवेगळे मोजणारे काटे असतात. चालक वजन पाहतो, थाळी किंवा ट्रेलरचे एक्सल काही खाचा सरकवतो आणि पुन्हा मोजतो. आपल्याकडे थाळी बहुतांश गाड्यांत कारखान्यात ठरवलेल्या जागी पक्की बसवलेली असते. वर्कशॉपमध्ये ती कापून, वेल्डिंग करून हलवणे हा धोकादायक उपाय आहे. त्यामुळे आपल्या चालकाच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माल ट्रेलरवर कोठे ठेवायचा.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. ट्रेलरवरचा ३० टन माल अर्धा मीटर पुढे सरकला आणि किंगपिन ते मागच्या तीन एक्सलचा मध्य हे अंतर ८ मीटर असेल, तर थाळीवरचा भार सुमारे १.९ टनांनी वाढतो. त्यातले सुमारे ३०० किलोच पुढच्या एक्सलवर जातात. उरलेले जवळपास १.६ टन घोड्याच्या मागच्या एक्सलवर पडतात. म्हणजे साध्या ट्रकमध्ये माल पुढे दाबला की आधी पुढचा एक्सल मर्यादा ओलांडतो. ट्रेलरमध्ये आधी घोड्याचा मागचा एक्सल ओलांडतो. माल फार मागे गेला, तर ट्रेलरचे एक्सल जास्त भरतात, घोडा हलका होतो आणि ओल्या चढावर त्याची चाके जागेवर फिरतात.

उसाच्या ट्रॅक्टरचे पुढचे चाक का उचलते?

गळीत हंगामात लातूर, नांदेडच्या रस्त्यांवर दिसणारे हे दृश्य याच गणिताचे दुसरे टोक आहे. एका एक्सलच्या ट्रॉलीचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो आणि हूक ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्याही मागे असतो. त्यामुळे हुकावरचा प्रत्येक किलो पुढची चाके उचलायला मदत करतो.

समजा, २.२ टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ८८० किलो आहेत. हुकावर १.५ टन भार आला, हूक मागच्या एक्सलच्या ८० सेंटीमीटर मागे आणि दोन एक्सलमधले अंतर २ मीटर असेल, तर पुढचे ६०० किलो कमी होतात. उरतात २८०. चढावर ट्रॉली ओढताना जो ताण येतो, तो हेही कमी करतो आणि पुढची चाके हवेत जातात. तेवढा वेळ स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे या ट्रॅक्टरमध्ये किमान ४४० किलो हवेत.

पुढच्या बाजूला लोखंडी वजने लावणे हा यावर उपाय आहे, पण तो मर्यादित आहे. पुढे लटकवलेल्या वजनाने तोल सुधारतो, ट्रॉलीतला जादा ऊस मात्र थांबवण्यासाठी ट्रॅक्टरचे ब्रेक तेच राहतात. पुढे दगडाचे पोते बांधून किंवा बोनेटवर माणूस बसवून तोल साधणे हा तर जिवाशी खेळ आहे.

एक्सलचे वजन काट्यावर कसे काढायचे?

त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. नेहमीच्या भुईकाट्यावर गाडी थांबवण्याची पद्धत बदलली की पुरे.

१. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मागची चाके बाहेर राहू द्यावीत. जो आकडा येईल तो पुढच्या एक्सलचा भार.

२. ट्रेलर असेल, तर नंतर घोड्याची सगळी चाके काट्यावर घ्यावीत. या आकड्यातून पहिला आकडा वजा केला की घोड्याच्या मागच्या एक्सलचा भार मिळतो.

३. शेवटी पूर्ण गाडी काट्यावर घ्यावी. एकूण वजनातून आधीचा आकडा वजा केला की उरलेल्या एक्सलचा भार मिळतो.

यात दोन पथ्ये आहेत. काट्याची पातळी आणि त्याला लागून असलेली जमीन सपाट हवी. उतारावर अर्धी गाडी उभी राहिली, तर आकडा चुकतो. गाडी थांबल्यावर ती पुढे-मागे सरकणार नाही याची काळजी घेऊन ब्रेक सैल सोडावेत, नाही तर चाकांमधला ताण आकड्यात मिसळतो. डिझेलची टाकी भरलेली असताना आणि चालक-क्लीनर गाडीत असताना वजन घेतलेले बरे, कारण रस्त्यावरही गाडी तशीच असते. रिकाम्या गाडीचे असे वजन एकदा काढून वहीत लिहून ठेवले, की पुढच्या प्रत्येक फेरीचा अंदाज बांधता येतो.

माल भरताना काय पाहावे?

मोंढ्यात गाडी भरताना पहिली थप्पी केबिनला लागून लावली जाते. गाडी पूर्ण भरणार असेल तर हे ठीक. मात्र माल कमी असेल, तर सगळी पोती पुढेच राहतात आणि मागचा हौदा मोकळा राहतो. अशा वेळी थर कमी उंचीचा ठेवून तो हौद्याच्या लांबीत पसरवणे योग्य. सळई, यंत्रे, लोखंडी गुंडाळ्या असा जड पण थोडी जागा घेणारा माल असेल, तर तो कोठे ठेवायचा हे आधी ठरवून मगच क्रेन लावावी. दोरखंडाने किंवा साखळीने तो बांधावा, कारण ब्रेक दाबल्यावर सरकलेला माल सगळे गणित पुन्हा बिघडवतो. डावी-उजवी बाजूही समान हवी. पुढच्या एक्सलचा आकडा बरोबर असूनही एका बाजूचा टायर जास्त भरलेला असू शकतो.

काही बहुचाकी गाड्यांत एक एक्सल वर उचलता येतो. रिकाम्या गाडीत टायर वाचवण्यासाठी ती सोय आहे. भरलेल्या गाडीत तो उचललेला ठेवला, तर त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या एक्सलवर जातो. मळी किंवा इथेनॉलच्या टँकरमध्ये टाकी अर्धवट भरलेली असेल, तर ब्रेक दाबताच द्रव पुढे धावतो आणि वळणावर बाजूला. तेथे भाराचा मध्य एका जागी राहतच नाही, म्हणून वेग कमी ठेवणे हाच खरा उपाय.

जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११४ नुसार अधिकृत अधिकारी गाडी वजनासाठी काट्यावर नेण्यास सांगू शकतो आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये, असा आदेश देऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि मर्यादेपेक्षा जास्त प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. माल उतरवण्याचा खर्च वेगळा. गाडी थांबवण्यास किंवा वजन करण्यास नकार दिला, तर ४० हजार रुपये दंड आहे. हे कलम गाडी चालवणाऱ्यापुरते नाही, ती तशी चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही ते लागू होते.

प्रत्यक्षात मात्र माल किती भरायचा हे व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाला ठरवतो, थप्पी कोठे लावायची हे हमालांच्या सोयीने ठरते आणि रस्त्यावर सापडतो तो चालक. भरताना चालकाला विचारले जात नाही, कारण त्याच्या हातात सांगण्यासारखा आकडाही नसतो. पुढच्या एक्सलची वेगळी पावती हा तो आकडा देते. ‘गाडी जड लागते’ या तक्रारीला आडतीवर कोणी किंमत देत नाही. ‘पुढे ७.७ टन आहेत, वीस पोती मागे घ्या’ हे सांगता आले, तर ते ऐकावे लागते. त्यासाठी काट्यावर गाडी आणखी एकदा, फक्त पुढच्या चाकांनी, थांबवावी लागेल.